कौलांखालचा मोबाईल

माणूस हरवला तर पोलिसांत जाता येतं. बैल हरवला तर चार गावं पालथी घालता येतात. पण मोबाईल घरातल्या घरात हरवला तर जायचं कुठं, हा प्रश्न मी भोरमधल्या बऱ्याच शहाण्या माणसांना विचारला आणि सगळ्यांनी एकच उत्तर दिलं, "रिंग द्या की!" हा सल्ला देणाऱ्याच्या चेहऱ्यावर इतकं समाधान असतं की, रिंगचा शोध त्याच्याच घराण्यात लागला असावा असं वाटतं.

आता माझ्या आईचा मोबाईल रिंग दिल्यावर वाजतो, नाही असं नाही. उत्तम वाजतो. फक्त तो वाजतो वेल्ह्याच्या पलीकडं, डोंगराच्या कुशीतल्या उंबरखोंडात, आणि रिंग देणारा मी असतो भोरला. मधे कापूरहोळ, नसरापूर आणि मोटारसायकलची परीक्षा घेणारा सगळा घाट. आई सत्तरी ओलांडलेली, घरात एकटी. सोबतीला चांदणी नावाची म्हैस, दोन शेळ्या आणि स्वतःला घरमालक समजणारा एक कोंबडा. मी फोन करतो, तो वाजून वाजून थकतो, मग मी थकतो, आणि सहाव्या-सातव्या वेळेनंतर माझ्या डोळ्यांसमोर नाही नाही ती चित्रं उभी राहतात. आई विहिरीवर घसरली. आईला पान लागलं, म्हणजे साप चावला. आई माळ्यावरून पडली. शेवटी शाळेतून अर्धी रजा टाकून मी धावतपळत जातो, तर आई चुलीपुढं भाकरी थापत बसलेली.

"आई, मोबाईल कुठाय?"

"हाय की घरात. जातुय कुठं?"

मी भोरच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढं जे घडलं त्यात माझ्या विज्ञानाची बरीच अप्रतिष्ठा झाली आणि ती नेमकी कुणाची झाली हे वाचकांना कळायला हवं.

श्रावणाच्या सुरुवातीला आईनं एकदा दिवसभर फोन उचलला नाही, तेव्हा मी प्रथमच उपग्रहाची मदत घेतली. आपला मोबाईल कुठं आहे ते नकाशावर दाखवणारी सोय आईच्या फोनमध्ये मी आधीच चालू करून ठेवली होती. नकाशा उघडला. उपग्रहानं आकाशातून नीट बघून मला सांगितलं की आईचा मोबाईल शेजारच्या हैबतीतात्यांच्या गोठ्यात आहे.

हैबतीतात्या म्हणजे आईच्या घराला घर लागून असलेले शेजारी. वडीलधारे, तापट आणि कुणाच्या काडीलाही हात न लावणारे. मी त्यांना फोन लावून आदरानं म्हणालो, "तात्या, आईचा मोबाईल तुमच्या गोठ्यात आहे, जरा बघता का?"

बिचाऱ्यांनी अख्खी वैरण उपसली, गव्हाणीत हात घालून बघितलं. मग परत फोन आला. "सोमा, गोठ्यात म्हसरं हायेत. मोबाईल न्हाई. तुला आमी चोर वाटत आसलू तर पोलीस घिऊन ये झडतीला."

मी उपग्रहाचं तत्त्व समजावून सांगायला लागलो, तोवर त्यांनी फोन ठेवला होता. संध्याकाळी आईचाच फोन आला. मोबाईल तांदळाच्या कणगीत होता. तांदूळ काढायला ती वाकली, तेव्हा पोलक्यातून तो आत पडला आणि वर तिनं झाकण लावलं. हैबतीतात्यांनी मात्र त्या दिवसापासून माझ्याशी अबोला धरला.

दोष तसा उपग्रहाचाही नव्हता. त्याला मोकळं आकाश लागतं. दगडी भिंती आणि कौलं मधे आली की त्याचा अंदाज वीस-पंचवीस मीटर इकडंतिकडं होतो, आणि उंबरखोंडात तेवढ्यात घर बदलतं. हजारो किलोमीटरवरून साऱ्या पृथ्वीवर नजर ठेवणाऱ्याला आमच्या कौलांखालचं दिसत नाही. आमच्या गावातल्या लोकांना कुणाच्याही कौलांखालचं दिसतं, आणि त्यासाठी त्यांना ओट्यावरून उठावंही लागत नाही.

आमच्या सौभाग्यवतींनी, म्हणजे सुलक्षणानं, त्याच आठवड्यात विषय निकालात काढायचं ठरवलं. "आत्यांना आता भोरला घेऊन या. म्हैस विका. तुमचं रोज अर्धं लक्ष तिकडं असतं, परवा तुम्ही चहात मीठ घातलंत."

मलाही तेच हवं होतं. पण आईपुढं हा विषय काढायचा म्हणजे चांदणीच्या मागच्या पायाशी बसून तिला धार देतेस का म्हणून विचारण्यासारखं होतं. आईनं शांतपणे ऐकून घेतलं.

"तुझी अडचण काय? मोबाईल गावत न्हाई हीच का?"

"हो. तू कुठं आहेस, बरी आहेस का, काही कळत नाही."

"मंग मोबाईल गावंल आसं काय तरी कर. विज्ञान शिकवतूस न्हवं? दिवाळीपतुर तुझं यंत्र चाललं तर म्या हितंच ऱ्हाणार. न्हाई चाललं तर म्हस हैबतीभावजींच्या दावणीला बांधती आन् येती भोरला. मंग एक शबुद बोलणार न्हाई."

शेवटचं वाक्य बोलताना तिनं चांदणीकडं बघितलं नाही. मी बघितलं. पण करार झाला होता.

इथून सल्ले सुरू झाले. आमचे भोरचे शेजारी हनुमंतराव टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले आहेत. मोबाईल या वस्तूबद्दल त्यांचं मत वाईट आहे. "सर, मी जन्मभर फोन जोडले. एक तरी हरवला? का नाही हरवला? वायरला बांधलेला होता म्हणून. तुम्ही आईंचा मोबाईल दाव्यानं मेढीला बांधून टाका." उत्रोलीहून येणाऱ्या आमच्या एका सहकाऱ्यानं घुंगरू सुचवलं. सुलक्षणाची कामथडीची मावशी म्हणाली, "हरवल्यालं सापडाया पदराला गाठ मारत्यात. तुमी मारली व्हती का?" मी म्हणालो, "मावशी, मला पदर नाही." ती म्हणाली, "मंग रुमालाला मारा." विज्ञानशिक्षकानं असलं काही करू नये हे मला मान्य आहे. रुमालाला गाठ मारून मी तो कपाटात ठेवला आणि चावी कुठं ठेवली ते आता आठवत नाही.

पण मी खरा मार्ग शोधून काढला होता. त्याला उपग्रह लागतच नाही. बटणासारख्या पांढऱ्या चकत्या मिळतात, आत छोटा सेल असतो. एकेक चकती एकेका खोलीत लावायची. ती दिवसभर ब्लूटूथवर एकच पुकारा करत राहते, "मी चूल, मी चूल." दुसरी म्हणते, "मी ओटी." तिसरी, "मी गोठा." मोबाईल हे सगळं ऐकतो, आणि जिचा आवाज सर्वांत मोठा तिच्याजवळ आपण आहोत असं समजून नेटवरून मला कळवतो. इतकं सोपं! मी हे वर्गात फळ्यावर काढून दाखवलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या, अर्थात तास संपल्याची घंटाही तेव्हाच झाली होती.

आता नेटवरून कळवायचं तर नेट हवं. आईच्या घरात फोन कुठंही वाजतो, पण नेटची रेंज धड येते ती फक्त ओटीच्या कोपऱ्यात, तीही वारा पश्चिमेचा असला तर. ग्रामपंचायतीत मात्र जाड वायर आलेली होती आणि तिथून घरी जोडणी मिळत होती. मी अर्ज केला. पाच गावांचा कारभार बघणारे ग्रामसेवक मला तिसऱ्या खेपेला भेटले.

"जोडणी कशासाठी?"

"घरात मोबाईल शोधण्यासाठी."

"असा प्रकार आमच्याकडं नाही. 'हरवले' म्हणून लिहितो. पण मग पोलिसांचा दाखला आणा."

मी पोलिसांकडं गेलो. हवालदारांनी सौजन्यानं खुर्ची दिली. "मोबाईल कुठं हरवला?"

"अजून हरवलेला नाही. हरवेल."

"कधी?"

मी खोटं बोलत नाही. म्हणालो, "आठवड्यात एक-दोनदा तरी."

त्यांनी माझ्याकडं बराच वेळ बघितलं, मी काय काम करतो ते विचारलं, आणि मी विज्ञान शिकवतो म्हटल्यावर मला पाणी आणून दिलं. अखेर ग्रामसेवकांनीच कनवाळूपणे तोडगा काढला आणि 'नववीतल्या विद्यार्थिनीच्या अभ्यासासाठी' असं कारण टाकलं. त्या कागदाप्रमाणे माझी आई सध्या नववीत शिकते आहे.

चकत्या लावायच्या दिवशी निम्मं उंबरखोंड बघायला आलं. सोबत आलेला डिंक सिमेंटच्या भिंतीसाठी होता. आईची भिंत मातीची. एकेक चकती लावायची आणि दुसरी लावेपर्यंत पहिली टपकन खाली. "थांब," म्हणून आईनं कणकेची खळ केली. चकत्या पक्क्या बसल्या, पण ओटीवरची चकती संध्याकाळच्या आत उंदरानं खळीसकट पळवली आणि थोड्या वेळानं माझ्या मोबाईलवर ओटी माळ्यावर चढली. मग खिळे ठोकून तारेनं बांधल्या.

त्यानंतर यंत्राला घर शिकवायचं असतं. मोबाईल हातात धरून प्रत्येक कोपऱ्यात जरा वेळ स्तब्ध उभं राहायचं, म्हणजे कुठं कसा आवाज येतो ते त्याच्या लक्षात राहतं. मी हात उंचावून, डोळे यंत्रावर लावून, एकेका कोपऱ्यात उभा राहू लागलो. दारातून कुणीतरी कुजबुजलं, "वास्तुशांत हाय का?" दुसरं म्हणालं, "न्हाई, घरात काय तरी निघालंय. लेक शिकल्याला हाय, सोताच बघतूय." एका म्हातारीनं हळूच दाराशी लिंबू ठेवलं. गोठ्यात तर चांदणी भिंत आणि माझ्या मधे आली की चकतीचा आवाजच बंद व्हायचा. विज्ञानाच्या पुस्तकात आहेच की पाणी असे तरंग शोषून घेतं, आणि म्हैस म्हणजे बहुतेक पाणीच. पण हे चांदणीला सांगून उपयोग नव्हता. चुलीजवळचा तांब्याचा हंडाही मधेमधे करायचा. तो आईनं हलवू दिला नाही.

आई हे सगळं पदर खोचून कौतुकानं बघत होती. "ह्या चकत्यांला खायाला काय लागतं?"

"काही नाही. वर्षाकाठी एक सेल."

"आन् काम करत्यात दिसभर?"

"दिवसरात्र."

"म्हंजी अवजारच म्हणायची की. कोयता, खुरपं, तसं."

"अगदी बरोबर," मी अभिमानानं म्हणालो. "मोबाईल सापडवायचं अवजार." तेव्हाच जीभ आवरायला हवी होती.

आणि सांगायला आनंद वाटतो, यंत्र चाललं! दसऱ्यापर्यंत मी सुखात होतो. शिक्षकांच्या खोलीत डबा उघडायच्या आधी मी मोबाईल उघडायचो आणि जाहीर करायचो, "आई आता चुलीपाशी." "आई गोठ्यात गेली." सुरुवातीला सगळे वाकून बघायचे, नंतर डबे घेऊन दुसऱ्या खोलीत बसायला लागले. फोन ती पूर्वीसारखाच उचलत नव्हती, पण तो चुलीवरून गोठ्यात नि गोठ्यातून ओटीवर जातोय म्हटल्यावर माझा जीव भांड्यात पडायचा. गंमत म्हणजे जवळजवळ महिनाभर मी उंबरखोंडाला गेलोच नाही. जायची गरजच उरली नव्हती.

एक हनुमंतराव तेवढे विश्वास ठेवायला तयार नव्हते. "सर, वायर नाही तिथं भरवसा नाही." मी त्यांना आणि आळीतल्या पाच-सहा जणांना दसऱ्याच्या सकाळी घरी बोलावलं. साडेतीन मुहूर्तांतला एक मुहूर्त! सुलक्षणानं पेढे आणले. मी मोबाईलचं चित्र टीव्हीवर मोठं करून लावलं. आईच्या घराचा मी काढलेला नकाशा, आणि त्यावर एक हिरवा ठिपका.

"हा ठिपका म्हणजे आई," मी म्हणालो. "सध्या आई आहे..."

ठिपका चुलीवर होता. मी "चुलीपाशी" म्हणेपर्यंत तो गोठ्यात गेला. "गोठ्यात" म्हणेपर्यंत माळ्यावर. माळ्यावरून ओटीवर, ओटीवरून कणगीशी, तिथून पुन्हा माळ्यावर.

"आई चपळ आहेत हो," कुणीतरी म्हणालं.

"आहेतच," मी म्हणालो. पण बघता बघता ठिपका तिसऱ्यांदा माळ्यावर चढल्यावर माझ्या तोंडचं पाणी पळालं. माझी सत्तरीची आई घरातून सैरावैरा धावत होती. किंवा मोबाईल घेऊन दुसरंच कुणी धावत होतं, आणि आई कुठंतरी पडली होती.

फोन लावला. वाजला, उचलला नाही. परत लावला. शेवटी नाक मुठीत धरून हैबतीतात्यांना लावला. तोही वाजत राहिला. ठिपका थयथयाट करतच होता. आता खोलीत कुणी हसत नव्हतं. हनुमंतरावांनी आपल्या गाडीची किल्ली काढली. "चला सर."

मी, सुलक्षणा आणि हनुमंतराव निघालो. वाटेत नसरापूरला झेंडूच्या फुलांनी रस्ता अडवलेला. घरोघर तोरणं, गाड्यांना हार, आणि मी आपला मनातल्या मनात आईला काय काय कबूल करत चाललो होतो. चांदणी विक म्हणून एक शब्द बोलणार नाही. हंडा जिथं आहे तिथं राहू दे. फक्त तू बरी अस. सुलक्षणानं माझा हात धरून ठेवला होता.

उंबरखोंडाला गाडी थांबायच्या आधीच मी उडी मारली. दाराला झेंडूचं तोरण. आत पुरणाचा वास. ओटीवर हैबतीतात्या नवा पटका बांधून चहा पीत बसलेले, आणि आई त्यांना आग्रह करतीय.

"आला का! बघा भावजी, म्हणलं न्हवतं येतूय म्हणून? सोमा, आत ये. आरं, रडतूस काय सणाचा?"

"आई, तू पळत होतीस का?"

"म्या? ह्या वयात?"

मोबाईल शोधत मी देवघरात गेलो. देव्हाऱ्यापुढं पाट मांडला होता. पाटावर धुऊन पुसून ठेवलेला कोयता, विळा, खुरपी, कुऱ्हाड, नांगराचा फाळ. त्यांच्या शेजारी रांगेनं माझ्या साऱ्या चकत्या, एकेकीला हळदकुंकवाचं बोट. आणि मधोमध, झेंडूच्या फुलाखाली, आईचा मोबाईल.

"काल खंडेनवमी न्हवती का?" आई मागून म्हणाली. "सांजच्याला सगळी अवजारं पुजली. तूच म्हणाला हुतास की, अवजार हाय म्हणून. खिळं काढताना हैबतीभावजींनी मदत केली."

"मग फोन का नाही उचललास? किती वाजला!"

"पुजल्यालं अवजार सोनं लुटल्याबिगार उचलत्यात व्हय? वाजू दिला. देवापुढं वाजत हुता, म्हणलं बरंच हाय."

तात्यांचा मोबाईल त्यांच्या देव्हाऱ्यात होता, हे आता सांगायला नको.

हनुमंतराव मागं हात बांधून देवघर बघत होते. त्यांनी घसा साफ केला. "एकूण सर, यंत्र फसलं. वायर असती तर असं झालं नसतं."

आता इथं मी गप्प बसलो असतो तर सगळं माझ्या मनासारखं झालं असतं. यंत्र फसलं, करार संपला, दिवाळीला आई भोरला. पण विज्ञानशिक्षकाला कुणी फसलात म्हटलं की त्याच्या अंगात खडू संचारतो.

"फसलं? कोण म्हणतं फसलं? साऱ्या चकत्या जवळजवळ ठेवलेल्या. मोबाईलला सगळ्यांचा आवाज सारखा ऐकू येणार. तो चूल म्हणणार, गोठा म्हणणार, माळा म्हणणार. चूल इथंच आहे, गोठाही इथंच आहे! तो एक अक्षरही खोटं बोललेला नाही. यंत्र शंभर टक्के बरोबर चाललंय!"

मी दमून थांबलो. सुलक्षणानं कपाळावर हात मारून घेतला.

"झालं तर मंग," आई म्हणाली. "यंत्र चालतंय. भावजी, तुमी साक्षीला हायसा. म्या हितंच ऱ्हाती."

"हाय की," हैबतीतात्या म्हणाले. त्या गोठ्याच्या भानगडीनंतर माझ्यासमोर त्यांनी काढलेला तो पहिला शब्द. गोठ्यात चांदणी हंबरली. आई लगबगीनं उठून तिला पुरणाचा घास द्यायला गेली आणि बराच वेळ आलीच नाही. आली तेव्हा पदरानं डोळे पुसत होती. धूर लई झालाय म्हणाली. गोठ्यात चूल नाही.

संध्याकाळी देवळापुढं सोनं लुटलं. मी आपट्याची पानं आईच्या हातात दिली, पाया पडलो. "सोन्यावाणी ऱ्हावा," ती म्हणाली. मग तात्यांना दिली. त्यांनी पानं घेतली आणि म्हणाले, "आदी आमचा गोठा बघून घे. मोबाईल गावला तर सांग." पण माझ्या पाठीवर हात होता. मग घरी येऊन आईनं मोबाईल पाटावरून उचलला, कपाळाला लावला आणि पोलक्यात ठेवला.

निघताना सुलक्षणानं न राहवून विचारलं, "आत्या, आजचं सोडा, सण होता. पण एरवीही तुम्ही फोन का उचलत नाही? यंत्र सांगतं, फोन तुमच्याजवळच असतो."

माझी आई अशी लाजलेली मी कधी बघितली नव्हती. तिनं माझ्याकडं न बघता सुनेलाच सांगितलं, "पोरी, उचलला की त्यो बोलतूय. न्हाई उचलला की येतूय. मागल्या म्हैन्यात तुमचं यंत्र लई चांगलं चाललं बघ. एकबी येळ आला न्हाई."

परतीच्या वाटेवर हनुमंतरावांनी वायरीचं नावसुद्धा काढलं नाही.

चकत्या मी दुसऱ्या दिवशी परत ज्याच्या त्याच्या जागी लावून आलो. यंत्र अजून उत्तम चालतं. परवा रविवारी आईला फोन लावला, वाजला, उचलला नाही. नकाशा उघडला. हिरवा ठिपका ओटीवर, दाराच्या अगदी तोंडाशी, जिथून घाटातली वाट दिसते, तिथं स्थिर होता. मी मोबाईल खिशात घातला, सुलक्षणाला म्हणालो, "आईचा फोन काही सापडत नाही, बघून येतो," आणि मोटारसायकल बाहेर काढली.